शेवटच्या रकान्यातली मुलं

बेघर झालेलं कुटुंब निवाऱ्याच्या दारात येतं तेव्हा सगळ्यात आधी अर्ज भरला जातो. मोठ्या माणसाचं नाव, वय, उत्पन्न, आधीचा पत्ता, घर सुटण्याचं कारण, कर्ज, आजारपण, ओळखपत्र. मग पान संपता संपता एक रकाना येतो : सोबत मुलं किती? तिथे आकडा लिहायचा. दोन. तीन. कुठे वयं लिहायला जागा असते, कुठे तीही नसते. या कामात आले तेव्हापासून हा रकाना मला खुपत आलाय. ज्याचं नाव आपण लिहून घेतलं नाही त्याला आपण भेटलोच नाही, आणि तरीही त्याच्या पुढच्या कित्येक महिन्यांचे निर्णय त्या टेबलावर आपणच घेत असतो.

मोठ्यांचा प्रश्न सुटला की मुलांचा आपोआप सुटेल, असं या अर्जामागे गृहीत धरलेलं असतं. ते निम्मं खरं आहे, आणि हे निम्मं मी आधी ठणकावून सांगते, कारण बालकेंद्री कामाबद्दल बोलताना त्याचा विसर पडतो. बेघर मुलाला सर्वांत आधी घर हवं असतं. परवडणारं, सुरक्षित, उद्या कुणी बाहेर काढणार नाही असं. कितीही प्रेमळ समुपदेशक आणि कितीही खेळणी आणली तरी त्यांनी घराची जागा भरून निघत नाही. आमच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या चांगुलपणाच्या आड घरांची टंचाई झाकली जाऊ नये.

पण उरलेलं निम्मं तितकंच खरं आहे. घर मिळेपर्यंत मूल थांबून राहत नाही. घराच्या प्रतीक्षेतले चार महिने मोठ्या माणसाच्या हिशेबात एक वाईट काळ म्हणून जमा होतात. दोन वर्षांच्या मुलाच्या आयुष्याचा तो सहावा हिस्सा असतो. त्या काळात ते बोलायला शिकत असतं, रात्री कुणाला हाक मारली तर कोण येतं हे शिकत असतं. ‘सगळं मार्गी लागलं की मुलांकडे बघू’ हे वाक्य मी निवाऱ्यांत, बैठकांमध्ये पुष्कळदा ऐकलंय. बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. त्यांना फक्त मुलाच्या वेळाचं माप ठाऊक नसतं.

बेघरपण म्हटलं की लोकांना रस्त्यावर झोपलेली माणसं दिसतात. कुटुंबांचं बेघरपण बरेचदा दिसतच नाही. नातेवाइकांच्या घरात एका कोपऱ्यात, ओळखीच्यांकडे पाळीपाळीने, तात्पुरत्या खोलीत, गाडीत, जिथून कधीही निघावं लागेल अशा भाड्याच्या जागेत. युरोपातल्या बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या महासंघाने, फेअँट्साने, २००५ साली जे वर्गीकरण मांडलं त्यात छप्पर नसणं, घर नसणं, असुरक्षित घर आणि राहण्यास अयोग्य घर असे चार प्रकार केले. या चौकटीतून पाहिलं की कितीतरी मुलं अचानक दिसू लागतात. शाळेत ती रोज येतात, गृहपाठ मात्र करत नाहीत, कारण गृहपाठाला टेबल लागतं आणि रात्री दिवा लागतो. मैत्रिणीने ‘तुझ्या घरी येऊ का’ म्हटलं की ती विषय बदलतात. मुलाच्या डोक्यावर हे केवढं मोठं गुपित असतं, याचा विचार करून पाहा.

त्यात घरातली हिंसा हे बाया-मुलं बेघर होण्याचं जगभर मोठं कारण आहे. म्हणजे अशी मुलं नुसती घराला मुकलेली नसतात, बरेचदा ती रात्रीतून पळून आलेली असतात. मागे राहिलेलं घर जळालेलं नसतं, पडलेलं नसतं. ते तिथेच असतं, खिडकीला तोच पडदा असतो, कुत्रा तिथेच बांधलेला असतो, आणि ज्याची भीती वाटते तो बापही तिथेच असतो. कदाचित त्याची आठवणही येत असते. पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासिकेने १९७०च्या दशकात युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम करताना अशा दुःखाची मांडणी केली : माणूस गेलाही नाही आणि आहेही नाही, त्यामुळे शोक पुरा होत नाही. बेघर मुलांबरोबर बसलं की मला हे वारंवार आठवतं. कुत्र्याचं काय झालं असेल, हा प्रश्न मूल पुन्हा पुन्हा विचारतं आणि मोठ्यांना तो क्षुल्लक वाटतो. मुलाच्या दृष्टीने तोच सगळ्यात तातडीचा प्रश्न असतो. एक फोन करून उत्तर शोधता येत असेल तर शोधावं. घरांच्या यादीइतकंच ते खरं काम आहे.

एक मुलगा आठवतो. सहा-सात वर्षांचा असेल. तो झोपताना बूट काढायचा नाही. निवाऱ्याचा नियम होता की गादीवर बूट नकोत, आणि रोज रात्री त्यावरून रडारड व्हायची. आई थकलेली, तिला शरमल्यासारखं व्हायचं. रात्रपाळीच्या ताईंनी एकदा त्याला बूट काढायला सांगायचं सोडून दिलं आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसून विचारलं, “बूट पायात असले की काय बरं वाटतं?” तो म्हणाला, “मागच्या वेळी मला सापडलेच नव्हते.” मागच्या वेळी म्हणजे ज्या रात्री ते निघाले तेव्हा. आई त्याला अनवाणी घेऊन पळाली होती. ताईंनी त्याला सांगितलं, आज रात्री तुम्ही कुठेही जाणार नाही. सकाळी उजाडेपर्यंत मी इथेच आहे. जायची वेळ आलीच तर आधी तुला उठवीन आणि आधी तुझे बूट घालू. मग दोघांनी मिळून बूट उशीजवळ ठेवले, नाड्या सैल करून, पाय पटकन जातील असे. त्यानंतर काही दिवस तो रात्री हात लांब करून बूट चाचपून बघायचा आणि पुन्हा झोपायचा.

ताईंनी त्याला ‘सगळं ठीक होईल’ असं सांगितलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ते त्यांच्या हातात नव्हतं. सकाळपर्यंत मी आहे, हे त्यांच्या हातात होतं. या मुलांना मोठ्यांच्या आश्वासनांचा पुरेपूर अनुभव असतो. लवकरच घर मिळेल, याच शाळेत राहशील, आपण परत येऊ. त्यांना हवी असते ती छोटी, पाळता येणारी खात्री. आणि जे माहीत नाही ते ‘अजून माहीत नाही, शुक्रवारी कळलं की तुला सांगेन’ असं सरळ सांगणं. मग शुक्रवारी काही कळलं नाही तरी जाऊन ‘अजून कळलं नाही’ हे सांगणं. दुसऱ्या भागात आपण कमी पडतो.

शांत मुलांबद्दल मला विशेष बोलायचंय. निवाऱ्यात जे मूल आरडाओरडा करतं, चावतं, वस्तू फेकतं, त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. जे मूल कोपऱ्यात गप्प बसतं, सांगितलेलं ऐकतं, त्याच्याबद्दल ‘छान रुळली आहे’ अशी नोंद होते. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स रॉबर्टसन यांनी लंडनमध्ये रुग्णालयात एकट्या ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीचं चित्रीकरण केलं. त्या काळी आईबापांना भेटायची मुभा अगदी थोडी असे, आणि रडणं थांबलं की मूल रुळलं असं डॉक्टर-नर्स मानत. रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी जॉन बोल्बी यांनी दाखवलं की ते रुळणं नव्हतं. आधी आकांत, मग निराशा, मग तुटलेपण, असा तो प्रवास होता. बाहेरून मूल शहाणं दिसत होतं, आतून त्याने आशा सोडली होती. १९५९ साली ब्रिटनमध्ये प्लॅट समितीने आईबापांना मुलांजवळ थांबू द्यावं अशी शिफारस केली, त्यामागे या कामाचा मोठा वाटा होता. इतक्या वर्षांनी तो धडा आपल्या निवाऱ्यांना लागू करायला काय हरकत आहे? गप्प मुलाच्या नावापुढे ‘ठीक’ लिहिण्याआधी त्याच्याजवळ बसावं. ते खेळतं का, हट्ट करतं का, आईकडे तक्रार घेऊन जातं का, हे बघावं. सुरक्षित वाटणारं मूल हट्ट करतं. मी तर हट्ट सुरू झाला की मनातल्या मनात खूश होते.

याच्याच जोडीला थोरली मुलगी असते. दहा-बारा वर्षांची. धाकट्यांना भरवते, आईला औषधाची आठवण करते, कार्यालयात आईला भाषा येत नसेल तर दुभाषीही तीच. सगळे कौतुक करतात, किती समजूतदार आहे म्हणतात. कौतुक खोटं नाही, तिने खरंच घर तोलून धरलंय. पण आईच्या मारहाणीची हकिकत बारा वर्षांच्या मुलीच्या तोंडून भाषांतर करून घेणं, हे आपण कधीच करता कामा नये. दुभाषी मिळेपर्यंत मुलाखत पुढे ढकला. आणि तिला रोज थोडा तरी वेळ असा द्या की ज्यात धाकटे दुसऱ्या कुणाकडे असतील.

आता ‘बालकेंद्री’ म्हणजे काय, याबद्दल एक गैरसमज आहे तो मला फार टोचतो. काही जण असं समजतात की बालकेंद्री म्हणजे मुलाच्या बाजूने उभं राहून आईबापाचे दोष शोधायचे. बेघर आईच्या मनात एक भीती सतत जागी असते, माझं मूल काढून घेतील. म्हणून ती मुलाची झोप उडाल्याचं सांगत नाही, अंथरूण ओलं केल्याचं लपवते, स्वतः रडते ते न्हाणीघरात. आपण पाहायला गेलो तर ती दार आणखी घट्ट लावते. निवाऱ्यात तिला आपलं मूल परक्यांच्या नजरेसमोर वाढवावं लागतं. कधी झोपवायचं, कधी जेवायचं हे नियमावली ठरवते, एखादा धपाटा मारला की चार माणसं बघतात. अशा वेळी मुलासमोर आईला सुधारणं म्हणजे मुलाच्या पायाखालची उरलीसुरली जमीनही काढून घेणं. तिच्याशी बोलायचं असेल तर नंतर, एकटीशी बोलावं. आणि सुरुवात मुलाबद्दलच्या तिच्या ज्ञानापासून करावी : ते दमलं की काय करतं, कशाने शांत होतं, काय पाहून हसतं? हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. कोणती गोष्ट आपल्यापाशी राहील आणि कोणती आपल्याला वर कळवावीच लागेल, हेही पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावं. मुलालाही, त्याच्या शब्दांत. मग जे काही ते सांगतील ते जाणूनबुजून सांगतील.

मिनेसोटा विद्यापीठातल्या अ‍ॅन मास्टन यांनी निवाऱ्यांत राहणाऱ्या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास केलाय. त्यातून धोके दिसलेच, पण मुलामुलांत केवढा फरक असतो तेही दिसलं. याच परिस्थितीत बरीच मुलं शाळेत चांगली प्रगती करत होती, आणि त्यांच्यामागे बहुतेकदा पालकांची माया आणि शिस्त टिकून राहिलेली होती. म्हणूनच आईला दोन तास झोप मिळवून देणं, तिचे कागदपत्रांचे हेलपाटे वाचवणं, हेही मुलाचंच काम आहे. आणि म्हणूनच मुलांच्या दुःखाला गुण देऊन त्यांची क्रमवारी लावण्याचा प्रकार मला पटत नाही. बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांवरचा १९९८ सालचा अमेरिकी अभ्यास मोलाचा होता, तो मोठ्या लोकसमूहाबद्दल बोलत होता. त्याच्या आधारे दहा प्रश्नांची यादी करून एकेका मुलाच्या नावापुढे आकडा लिहायची पद्धत पुढे रूढ झाली. त्या अभ्यासाचे एक प्रमुख संशोधक रॉबर्ट अँडा यांनीच २०२० मध्ये लिहिलं की हा आकडा एका व्यक्तीचं भविष्य सांगण्यासाठी वापरू नये. अर्जात आधीच एक आकडा होता. त्यात आणखी एकाची भर कशाला?

मुलाला विचारायचं तर काय विचारायचं? ‘तुला कसं वाटतंय’ या प्रश्नाचं उत्तर मोठ्या माणसालाही देता येत नाही. मी असं विचारते : इथे तुला बसायला कुठे आवडतं? कुठून जाताना पळत जावंसं वाटतं? काल रात्री जाग आली तेव्हा काय ऐकू आलं? एक मुलगी संध्याकाळनंतर पाणी प्यायची नाही. तिला वारंवार लघवीचा त्रास व्हायचा, औषधं चालू होती, ‘पाणी पीत नाही, हट्टी आहे’ अशी नोंदही होती. मी तिला निवारा दाखवायला सांगितलं, जसं नव्या पाहुण्याला आपण घर दाखवतो. तिने हात धरून सगळीकडे नेलं आणि एका लांब बोळाच्या तोंडाशी थांबली. “इथून पुढे मी दिवसाच जाते.” बोळाच्या टोकाला स्वच्छतागृह होतं, मधला दिवा बंद होता आणि वाटेतल्या एका खोलीचं दार कायम उघडं असायचं. पाणी न पिण्याचा अर्थ त्या क्षणी उलगडला. दिवा बसला, रात्री बरोबर कोण जाईल ते ठरलं, ते दार बंद ठेवायचा नियम झाला. मोठ्यांच्या सुरक्षा तपासणीत तो बोळ कुणालाच खटकला नव्हता, कारण तपासणी करणारे सगळे दिवसा आले होते.

मुलांना बोलू देणं हा आपला मनाचा मोठेपणा नाही. १९८९ सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमात तो मुलाचा हक्क म्हणून लिहिला आहे : आपल्यासंबंधीच्या बाबींत मत मांडायचं आणि वय-समजेनुसार त्या मताला वजन मिळायचं. संयुक्त राष्ट्रांच्याच बालहक्क समितीने २०१७ मध्ये रस्त्यावर राहणाऱ्या मुलांविषयी मार्गदर्शक भाष्य तयार केलं तेव्हा ३२ देशांतल्या ३२७ मुलांशी आणि तरुणांशी बोलून ते केलं. इतक्या मोठ्या समितीला जमतं, तर एका निवाऱ्याला वर्षातून एकदा नियम ठरवताना मुलांना बसवून घेणं का जमू नये? बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या लॉरा लंडी यांनी २००७ मध्ये या कलमाचा अर्थ चार पायऱ्यांत उलगडला. बोलायला सुरक्षित जागा, बोलण्यासाठी मदत, ऐकून घेणारं कुणीतरी, आणि शेवटी निर्णयावर खरा परिणाम. आपण पहिल्या दोनपाशी थांबतो. मुलाचं चित्र काढून घेतो, ‘बालकाचे मत घेतले’ असा शेरा मारतो, आणि निर्णय आधीच झालेला असतो. मुलाने ‘मला त्याच शाळेत जायचंय’ म्हटलं आणि ते शक्य नसेल, तर का शक्य नाही हे त्याला समोर बसवून सांगणं ही किमान गोष्ट आहे.

शाळेचं तर खरंच बघायला हवं. घर गेल्यावर मुलाच्या आयुष्यात जे एकमेव ठिकाण जसंच्या तसं राहू शकतं ते शाळा. तेच बाक, त्याच बाई, जेवणाच्या सुट्टीत तीच टोळी. अमेरिकेत १९८७ च्या बेघर सहाय्य कायद्यातून पुढे आलेल्या मॅकिनी-व्हेंटो तरतुदींनुसार बेघर मुलाला मूळ शाळेत राहण्याचा, तिथवर वाहनाचा, आणि कागदपत्रं अपुरी असली तरी तात्काळ प्रवेशाचा हक्क आहे. कायदा नसेल तिथेही कार्यकर्त्याला हे तीन प्रश्न विचारता येतात. जागा वाटप करणाऱ्या माणसाने नकाशावर शाळा कुठे आहे ते एकदा बघावं, एवढीच मागणी असते.

आणि एक नियम, ज्याबद्दल मला राग येतो. अनेक देशांत महिलांच्या निवाऱ्यांत ठरावीक वयापुढच्या मुलग्यांना प्रवेश नसतो. आईला दारातच निवड करावी लागते : धाकट्यांना घेऊन आत जायचं की थोरल्याबरोबर बाहेर राहायचं. त्या पोराने बापाला अडवताना मार खाल्लेला असतो, आणि आता त्याला सांगितलं जातं की तू इतरांसाठी धोका आहेस. मी इतर बायकांच्या सुरक्षिततेची चिंता समजू शकते. पण त्यावर वेगळी खोली, वेगळा जिना, स्वतंत्र युनिट असे उपाय आहेत आणि काही ठिकाणी ते केलेही आहेत. चौदा वर्षांचा मुलगा मूलच असतो.

तान्ह्यांबद्दल कुणी बोलत नाही, कारण ती तक्रार करत नाहीत. जमीन अस्वच्छ, खोली अरुंद, म्हणून बाळ दिवसभर कडेवर किंवा बाबागाडीत. पालथं पडायला, रांगायला जागाच मिळत नाही. धुता येईल अशी एक सतरंजी आणि बाहेरच्या चपला न येणारा एक कोपरा, इतक्याने फरक पडतो. खेळ हा हक्क आहे, संहितेच्या ३१ व्या कलमात, आणि निवाऱ्यातली खेळखोली ‘सध्या सामान ठेवलंय’ म्हणून बंद असू नये.

निघण्याच्या दिवसाबद्दलही बोलायला हवं. जागा मिळाल्याचा फोन सकाळी येतो आणि दुपारी निघायचं असतं. कुटुंबाचं सामान कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत भरलं जातं, कारण हाताशी तेच असतं. मुलं ते बघतात. प्रत्येक मुलासाठी स्वतःची एक बॅग, नाव लिहिलेली, आधीपासून ठेवावी. निरोप घ्यायला अर्धा तास मागून घ्यावा. कोणत्या ताई भेटायला येतील आणि कोणत्या येणार नाहीत, तेही सांगावं.

नव्या घरात गेल्यावर बरीच मुलं बिघडतात, असं आया सांगतात. निवाऱ्यात शहाणं असलेलं पोर आता रात्री ओरडत उठतं, शाळेला जात नाही, आईवर हात उगारतं. आईला वाटतं, आता तर सगळं मिळालं, मग हे का? याचं कारण बहुधा हेच की आता कुठे त्याला कोसळायला सुरक्षित जागा मिळालीय. नेमक्या त्याच वेळी आपलं काम मात्र संपलेलं असतं. चावी हातात पडली की फाइल बंद, कारण निधी निवाऱ्यातल्या खाटांचा असतो. ही पद्धत बदलायला हवी. घर मिळाल्यावर निदान सहा महिने तोच कार्यकर्ता जात-येत राहावा, प्रत्येक मुलाच्या नावाचं वेगळं पान फाइलमध्ये चालू राहावं, आणि पुढच्या भेटीची तारीख आईला सांगतो तशी मुलालाही सांगावी.